उतरताना हातात दोन काठ्या

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यात जसं आलं तसंच ठेवलंय, अडखळणं आणि चहाचे घोट तेवढे काढलेत.)

मागच्या भागात आपण बुटांवर बोललो. तेव्हा जाता जाता मी म्हणाले होते की उतरताना गुडघे दुखत असतील तर नवीन बुटांच्या आधी पोलचा विचार करा. त्यावर बरेच प्रश्न आले. लांबी किती, एक घ्यायचा की दोन, कार्बनचा की अ‍ॅल्युमिनियमचा. आणि एका काकांनी विचारलंय, "ताई, हातात काठी आली की लोक म्हातारं म्हणतात, त्याचं काय करायचं?" काका, तुमच्यापासूनच सुरुवात करते, कारण आमच्या घरी याच एका प्रश्नावर सहा वर्षं गेली.

मला डोंगर दाखवला तो माझ्या दादानं. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी अकरा वर्षांची असताना त्यानं मला एसटीनं गुंजवण्याला नेलं आणि चोर दरवाज्याच्या वाटेनं राजगडावर चढवलं. दोघांचं सामान त्याच्या एकट्याच्या खांद्यावर. उतरताना तर तो पळायचा. मुरमाड उतार आला की दोन्ही हात पसरून असा सुटायचा की मागून आम्ही फक्त धुरळा बघायचो. गुडघे हा अवयव आपल्याला आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही कळसूबाईला गेलो. चढला मस्त. उतरताना दुसऱ्या शिडीनंतर तो मागे पडायला लागला. आम्ही खाली बारीत पोहोचलो, चहा झाला, दुसरा चहा झाला, तरी दादा नाही. मी परत वर गेले, तर हा माणूस रेलिंगला धरून उलट्या पावलांनी उतरत होता. मी माझे पोल पुढे केले. म्हणाला, "मी काय आजोबा झालोय का? ठेव तुझ्याकडे." आणि त्या दिवसानंतर तो डोंगरावर आला नाही. विचारलं की म्हणायचा, "सगळं बघून झालंय गं, आता काय राहिलंय."

तर काका, लोक म्हणतात हे खरंय. पण लोक काय म्हणतील म्हणून दादा सहा वर्षं घरी बसला, हेही खरंय. आता आपण पोलकडे वळू. दादा शेवटी परत येणार आहे.

आधी हे समजून घेऊ की उतारावरच गुडघा का बोलतो. चढताना दम लागतो, पण स्नायू आखडत, जोर लावत शरीर वर ढकलतात. उतरताना उलटं. प्रत्येक पावलाला अख्खं वजन खाली येतं आणि मांडीचा पुढचा स्नायू ते थोपवून धरतो, म्हणजे ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो. दोन तास असे ब्रेक मारले की तो स्नायू थकतो, आणि मग धक्का सरळ सांध्यावर जातो. म्हणून सकाळी चढताना काही नसतं आणि दुपारी शेवटच्या तासाभरात पाय लटपटतात.

यावर अभ्यास झालेले आहेत. १९९९ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २५ अंशांच्या उतारावर मोजक्या लोकांना पोलसह आणि पोलशिवाय चालवून मोजमापं घेतली. पोल वापरल्यावर गुडघ्यावरचे जोर साधारण १२ ते २५ टक्क्यांनी कमी आले. ऐकायला छोटा आकडा वाटतो, पण राजगडाच्या उतरणीत आपण किती हजार पावलं टाकतो ते डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पावलातून थोडं थोडं कमी.

पण एक स्पष्ट सांगते. पोलनं श्रम कमी होत नाहीत, ते वाटले जातात. पायाचं थोडं काम खांदे आणि दंड करतात. पहिल्यांदा वापराल तेव्हा दुसऱ्या दिवशी दंड दुखणार. दम तर थोडा जास्तच लागू शकतो. आणि गुडघा सुजत असेल, अडकत असेल, तर पोल घेऊन डोंगरावर जाऊ नका, डॉक्टरांकडे जा.

आता खरेदी. दुकानात गेलात की पहिल्यांदा तुम्हाला वजन सांगतील. कार्बन हलका, अ‍ॅल्युमिनियम जड. खरंय, पण आपल्याकडे मी डोळे झाकून अ‍ॅल्युमिनियम सांगते. सह्याद्रीत पोल कातळाच्या फटीत अडकतो, हे होणारच. टोक फटीत आणि तुमचं अंग पुढे गेलेलं. अशा वेळी अ‍ॅल्युमिनियम वाकतं, कार्बन तुटतो. वाकलेल्या पोलवर माणूस लंगडत का होईना गाडीपर्यंत येतो.

वजनापेक्षा महत्त्वाचं आहे लॉक. दोन प्रकार सगळीकडे दिसतात. एक फिरवून घट्ट करायचा, आतल्या आत फुगणारा. दुसरा बाहेरून खटका दाबायचा. फिरवायचा स्वस्त असतो, पण आत चिखल, वाळू, पाणी गेलं की पकड जाते, आणि ती जाते कधी, तर तुम्ही वजन टाकता तेव्हा. पोल हातातल्या हातात खाली सरकतो. उतारावर याच्याइतकं वाईट काही नाही. नसलेला पोल परवडला. म्हणून खटक्याचा घ्या. दुकानातच पोल पूर्ण उघडा, खटका लावा आणि दोन्ही हातांनी मुठीवर अंगाचं वजन टाकून बघा. दुकानदार बघू दे काय बघायचं ते. इंचभर जरी सरकला तर ठेवून द्या. खटक्यावर छोटा स्क्रू असतो तो आवळून बघा, मग पुन्हा एकदा दाबा. तिसरा प्रकार घडी होणाऱ्या पोलचा, आत दोरी असलेला. पिशवीत मस्त मावतो, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलची लांबी बदलता येत नाही, ते विचारून घ्या.

मूठ. रबराची आपल्या हवेत घामानं बुळबुळीत होते, कोवळ्या तळहाताला फोड येतात. फोम किंवा कॉर्क घ्या. मुठीच्या खालीसुद्धा फोम असलेला मिळाला तर उत्तम, त्याचा उपयोग पुढे सांगते. स्प्रिंगवाले 'अँटिशॉक' पोल असतात, त्याला जास्तीचे पैसे देऊ नका. मला तरी त्या स्प्रिंगनं पाऊल टाकताना नक्की आधार कधी मिळतोय हेच कळेनासं झालं.

एक की दोन? दोन. एक पोल असला की आपण नकळत त्या बाजूला झुकतो, आणि तोही नेहमी त्याच हातात. पण ज्याला कॅमेरा धरायचाय, लेकराचा हात धरायचाय, त्यानं एक घ्यावा. धनगरमामांकडे एकच असते ना काठी, असं कोणी म्हणेल. बरोबर. पण ती बघितलीय का नीट? खांद्याएवढी उंच. चढाला हात खाली येतो, उताराला वर जातो, तिरक्या उतारावर ती दोन्ही हातांत धरून मागच्या बाजूला टेकवली जाते. लांबी बदलायला तिला लॉक लागत नाही. आपण जे हजारो रुपये देऊन विकत घेतो त्यातलं बरंचसं त्या वेळूच्या काठीत आहे. फक्त ती वापरायला जन्म जातो.

यावरून आठवलं. काही मंडळी वाटेवर कारवी तोडतात आणि तिची काठी करतात. नका करू. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. तुम्ही जी हिरवी कांडी तोडता ती फुलायचीच राहते. आणि उतरून झालं की टाकून देता, म्हणजे पुढच्या रविवारी दुसरी.

लांबीचं सोपं आहे. बूट घालून सपाट जमिनीवर उभे राहा, पोलचं टोक पावलाशेजारी, मूठ धरा. कोपर काटकोनात आलं पाहिजे. ५ फूट ३ इंचाच्या माणसाला साधारण ११० सेंटीमीटर येतं. ही तुमची पायाभूत लांबी, ती पोलवरच्या आकड्यावर बघून लक्षात ठेवा. लांब चढ लागला की ५ ते १० सेंटीमीटर कमी, लांब उतार लागला की तेवढंच जास्त. दर दहा मिनिटांनी बदलत बसू नका, आपला डोंगर तेवढा एकसुरी नसतो. मी गडाखाली एकदा आणि उतरायच्या आधी एकदा, एवढंच बदलते. मधे छोटा खडा चढ आला की मुठीऐवजी खालचा फोम पकडते. तो त्याचसाठी असतो. आडव्या वाटेवरही तसंच. डोंगराच्या बाजूचा पोल खालून धरायचा, दरीच्या बाजूचा मुठीत.

आता चालणं. सपाटीला काही शिकावं लागत नाही, उजवा पाय डावा पोल, आपोआप होतं. चढाला पोल फार पुढे टाकू नका, पावलाच्या जवळपास टाका आणि मागे ढकला. उंच पायरी असेल तर दोन्ही पोल एकदम.

उतार मात्र शिकावा लागतो. बहुतेक जण काय करतात, आधी पाय टाकतात आणि मग पोल. मग तो फक्त शोभेचा. पोल आधी, पायाच्या आधी, एक पाऊल खाली. टोक बसलं का हे हाताला कळलं पाहिजे, मग थोडं वजन, मग पाऊल. कोपर किंचित वाकलेलं, ताठ नाही, नाहीतर गुडघ्याचा धक्का वाचवून खांद्याला द्याल. पायरी खूप उंच असेल तर मुठीच्या डोक्यावर तळहात ठेवून दाबायचं. आणि सगळं वजन कधीच पोलवर सोपवायचं नाही. पोल निसटला तरी आपण उभे राहू, एवढं वजन पायावर राहिलंच पाहिजे.

आणि मागच्या माणसाशी अंतर ठेवा. हात मागे जातो तेव्हा टोक मागच्याच्या पोटऱ्यांपर्यंत, कधी तोंडापर्यंत येतं. पायऱ्यांवर तर नक्कीच.

आता पट्टा. इथे मी माझी चूक सांगणार आहे.

पट्टा घालायची पद्धत अशी, की हात खालून वर पट्ट्यात घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. म्हणजे वजन मनगटाच्या पट्ट्यावर येतं, मूठ आवळून धरावी लागत नाही. हे सगळं मला येत होतं. दोन वर्षं मिरवतही होते. सप्टेंबरात हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरत होतो. त्या वाटेला कड्याच्या पोटातून जाणारा कातळाचा टप्पा आहे, पावसात त्यावरून पाणी वाहत असतं. ओला कातळ, वर शेवाळ. मी पोल टेकला, टोक सरकलं, पाय सरकला, आणि पडताना हात पट्ट्यात. मूठ अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधे, जमीन खाली, अंगठा बाहेरच्या बाजूला पार वाकला. हाड मोडलं नव्हतं, अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध दुखावला होता. बर्फावर स्की करणाऱ्यांना ही दुखापत इतकी होते की तिला त्यांच्याच नावानं ओळखतात, हे मला डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता सांगितलं. सहा आठवडे. अंगठ्याशिवाय डब्याचं झाकण उघडून बघा एकदा.

पट्टा नसता तर पोल हातातून उडाला असता, हात मोकळा राहिला असता, ढोपर खरचटलं असतं, बस. तेव्हापासून माझा नियम: जिथे पडण्याची शक्यता आहे तिथे मनगट पट्ट्याबाहेर. ओला कातळ, घसारा, ओढा, दरीकाठची अरुंद वाट. पट्टा लांब सोप्या चालीसाठी.

आणि काही ठिकाणी नुसता पट्टा नाही, पोलच नको. शिडी, साखळी, रेलिंग, कातळात कोरलेल्या खोबण्या. हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्या आठवा. तिथे हात दगडाला हवेत. मी लोकांना पोल मनगटाला लटकवून शिडी चढताना बघितलंय, ते खालच्याच्या डोक्यावर घंटेसारखे हलत असतात. दोन मिनिटं थांबा, पोल मिटवा, पिशवीच्या बाजूला नीट बांधा, टोकावर रबरी टोपी चढवा. हेच दोन मिनिटं थांबणं लोकांना जड जातं. मागचे खोळंबतात म्हणून लाज वाटते. खोळंबू देत.

खांडसहून भीमाशंकरला जाणारे नेहमी विचारतात म्हणून सांगते, गणेश घाटानं जाणार असाल तर पोल कामाचे, शिडी घाटानं जाणार असाल तर बहुतेक वेळ ते पिशवीवरच राहतील.

रबरी टोपीचं विचारलंय बऱ्याच जणांनी. माती, मुरूम, गवत, इथे टोपी काढा, धातूचं टोक रुतलं पाहिजे. डांबरी रस्ता, गावातली फरसबंदी, आणि गडाच्या पायऱ्या, इथे टोपी घाला. हे टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं, अतिशय कठीण. जुन्या दगडावर पांढरे ओरखडे उठतात. ज्या पायऱ्या तीन-साडेतीनशे वर्षं टिकल्या त्यांना आपण टोचत जायचं कारण नाही. आणि ओल्या शेवाळलेल्या कातळावर? तिथे टोपी असो वा नसो, कशाचाच भरवसा धरू नका. माझा अंगठा साक्षीला आहे. टोकाच्या वर जी छोटी चकती असते ती पावसाळ्यात राहू द्या, पोल चिखलात खोल जात नाही. मोठी चकती बर्फासाठी, हिमालयात लागेल, इथे ती फक्त झुडपांत अडकते.

ओढ्याचं थोडक्यात. पोल असतील तर पाण्यात आधाराचे बिंदू वाढतात, पुढची खोली चाचपता येते. पट्टे काढलेले, पिशवीचे छातीचे-कमरेचे बक्कल सोडलेले, म्हणजे पडलात तर पिशवी टाकता येईल. पण गढूळ पाणी वाढताना दिसत असेल तर पोल आहेत म्हणून उतरायचं नाही. पलीकडे जेवण वाट बघत असलं तरी.

घरी आल्यावर पोलचे तुकडे ओढून वेगळे करा, पुसा, रात्रभर पंख्याखाली ठेवा. आत तेल-ग्रीस काही नको, लॉकची पकड जाते. मी एकदा जुलैत भिजलेले पोल तसेच माळ्यावर टाकले आणि ऑक्टोबरात काढले. नळ्या एकमेकींत अशा बसल्या होत्या की नवऱ्यानं एक टोक आणि मी दुसरं टोक धरून ओढलं, तेव्हा निघाल्या.

बरं, दादा.

त्याला मी हे सगळं सांगून झालं होतं. आकडे, अभ्यास, सगळं. ढिम्म. मधे डॉक्टरांनीही सांगितलं होतं, झीज सुरू झालीये, मांडीचे व्यायाम करा, वजन उतरवा, चालणं बंद करू नका. व्यायाम करायचा, पण डोंगर नाही. मग गेल्या वर्षी आम्ही सगळे गाडीनं मुळशीकडे गेलो होतो, नुसतं फिरायला. एका धनगरवाड्याजवळ थांबलो. समोरच्या उतारावरून एक मामा खाली येत होते. दादाहून मोठेच असतील. खांद्यावर दुधाची किटली, हातात काठी. झरझर आले, आमच्याकडे बघून हसले, निघून गेले. दादा बराच वेळ त्या वाटेकडे बघत होता. परतताना गाडीत म्हणाला, "त्याला नाही कुणी म्हातारा म्हणत." बाकी काही नाही. आणि गुरुवारी फोन. "अगं, तुझ्या त्या काठ्या रिकाम्या आहेत का रविवारी?"

नोव्हेंबरात राजगडावर गेलो, पाली दरवाज्यानं, रुंद पायऱ्यांची वाट म्हणून. खाली गाडीपाशी त्यानं पोलची लांबी स्वतःच ठरवली, चुकीची, आणि मी गप्प बसले. अर्ध्या तासानं स्वतःच बदलली. बालेकिल्ल्याखाली मी म्हणाले, दादा, आता हे मिटवून पिशवीला लाव, पुढे हात लागतील. म्हणाला, "ते मला सांगतेस होय?" पण लावले.

उतरायला तीन तास लागले. पूर्वी तो पाऊण तासात यायचा. मधल्या उंच पायऱ्यांवर तो थांबायचा, पोल खाली टेकवायचा, हातानं चाचपायचा, मग पाऊल. एकदाही उलटा फिरला नाही. वरून येणारी कॉलेजची पोरं "काका, जरा साइड" म्हणून पळत पुढे गेली, त्यांच्या मागे उठलेला धुरळा खाली बसेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तर म्हणाला, "यांचे गुडघे बघ वीस वर्षांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. गुडघा दुखत होता, पण बर्फ लावून कामं चालली होती. दंड जास्त दुखतात म्हणाला. ते पोल अजून त्याच्याकडेच आहेत. मी दोनदा मागितले, दोनदा म्हणाला की शनिवारी देतो.

तर मंडळी, माझ्यासाठी नवीन जोडी घ्यायची आहे, खटक्याचीच. काकांनी आपला अनुभव जरूर कळवावा. पुढच्या भागात पावसाळा तोंडावर आहे म्हणून पाँचो की रेनकोट यावर बोलू. त्यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, दोघांनाही बोलावते. भेटू.